फ्रेमच्या आतली फ्रेम प्रमाणात कशी वाढवावी: झाडीपट्टीच्या एका पोस्टरच्या आधारे

धानाची कापणी होऊन गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तालुक्याच्या ठिकाणच्या डीटीपी सेंटरवर नाटकांच्या जाहिरातीची कामे येऊ लागतात. काम एकच असते, मापे मात्र निरनिराळी लागतात: वाटायला ए-५ हँडबिल, दुकानाच्या काचेवर चिकटवायला ए-४ पत्रक आणि चौकातल्या भिंतीसाठी २०×३० इंचाचे पोस्टर. कलाकाराचा फोटो लंबगोल फ्रेममध्ये, त्याखाली नावाची पट्टी, हे दोन्ही मिळून एक कार्ड, आणि अशी सात-आठ कार्डे एका मोठ्या चौकटीत, अशी रचना आपण या लेखापुरती धरू. म्हणजे फ्रेमच्या आत फ्रेम आणि तिच्याही आत फ्रेम. हे सगळे एकदम वाढवायला गेले की बाहेरची चौकट वाढते आणि आतले फोटो जागच्या जागी राहतात, किंवा सगळेच वाढते पण चेहरे आडवे ताणले जातात. असे का होते आणि ते होऊ न देता काम कसे करावे, हे अ‍ॅडोबी इनडिझाइन या पानरचनेच्या प्रोग्रामच्या आधारे पुढे मांडले आहे. कोरलड्रॉवर काम करणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडे स्वतंत्र लिहिले आहे.

माप बदलणे वेगळे, स्केल करणे वेगळे

इनडिझाइन फ्रेम आणि तिच्यातला ऐवज या दोन स्वतंत्र वस्तू मानते; फ्रेम आतल्या ऐवजासह लहान-मोठी करणे म्हणजे स्केल करणे. सिलेक्शन टूलने फ्रेमचे हँडल धरून नुसते ओढले, तर बदलते ते फक्त फ्रेमचे माप. आतला फोटो किंवा आतली फ्रेम होती तेवढीच राहते, फार तर जास्त उघडी पडते किंवा कापली जाते. शिफ्ट दाबून ओढल्यास लांबी-रुंदीचे प्रमाण टिकते, पण तेही बाहेरच्या फ्रेमचेच. बहुतेकांची फसगत येथेच होते, कारण कोरलड्रॉमध्ये कोपरा ओढला की आतले सगळे सोबत वाढते आणि हाताला तीच सवय लागलेली असते. कंट्रोल दाबून ओढल्यास आतला ऐवज फ्रेमबरोबर वाढतो, मात्र हात जिकडे जाईल तिकडे ताणला जातो. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबून कोपऱ्याचे हँडल ओढले, तरच फ्रेम, आतली फ्रेम, तिच्यातला फोटो आणि पट्टीवरची अक्षरे हे सर्व एकाच प्रमाणात वाढते. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड दाबावी. ओढून झाल्यावर आधी माऊस सोडावा आणि मग कळा सोडाव्यात. उलट केल्यास शेवटच्या क्षणी प्रमाण बिघडते.

वरच्या कंट्रोल पॅनेलमध्येही हाच भेद दिसतो. तेथे रुंदी आणि उंची यांचे दोन रकाने असतात आणि एक्स स्केल, वाय स्केल असे टक्क्यांचे दोन रकाने असतात. रुंदीच्या रकान्यात नवे माप लिहिल्यास, शेजारच्या साखळीच्या चित्राने दोन्ही रकाने जोडलेले असले तरी, बदलते ती फ्रेमच. आतल्या सगळ्यासह वाढवायचे असेल तर टक्क्यांच्या रकान्यातच लिहावे लागते. या रकान्याचा एक गुण फार कमी जणांना ठाऊक असतो: तेथे टक्क्यांऐवजी एककासह थेट माप लिहिले तरी चालते. ‘४८४ एमएम’ असे लिहून एंटर दाबल्यास वस्तू तेवढ्या रुंदीची होईल इतका स्केल प्रोग्राम स्वतःच काढतो. हाताने ओढण्यापेक्षा आकडा लिहिण्याची सवय लावून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हँडबिल, पत्रक आणि पोस्टर ही तीन कामे एकमेकांशी जुळवायची असतात आणि हाताने ओढलेले माप दुसऱ्या दिवशी पुन्हा जसेच्या तसे सापडत नाही.

कार्डाची बांधणी

ज्याची बांधणी नीट आहे तेच नीट वाढते. लंबगोल फ्रेम काढून तीत फोटो प्लेस करावा, त्याखाली नावाची टेक्स्ट फ्रेम ठेवावी, दोन्ही निवडून कंट्रोल-जी ने ग्रुप करावा, तो ग्रुप कट करावा, मग कार्डाची बाहेरची फ्रेम निवडून एडिट मेनूतील पेस्ट इनटू ही आज्ञा द्यावी. तिची कळ कंट्रोल-आल्ट-व्ही. आधी ग्रुप करणे आवश्यक आहे, कारण एका फ्रेमच्या पोटात एकच वस्तू बसते आणि ग्रुप ही एक वस्तू धरली जाते. टेक्स्ट फ्रेममध्ये कर्सर ठेवून पेस्ट केल्यास मात्र ती वस्तू मजकुरात अँकर होते आणि अक्षरासारखी वागू लागते. तो प्रकार वेगळा आहे, तो येथे नको.

प्रत्येक गोष्ट दुसरीच्या पोटात घालण्याचा मोह टाळावा. आतली वस्तू बाहेरच्या फ्रेमच्या कडेला कापली जावी, असे हवे असेल तेथेच फ्रेममध्ये फ्रेम घालावी; नुसते एकत्र हलवायचे आणि एकत्र वाढवायचे असेल तर ग्रुप पुरतो. माझ्या मते कार्डाच्या आत लंबगोल असावा, पण आठ कार्डांना सामावणारी मोठी चौकट हा साधा ग्रुप असावा. लेखक, दिग्दर्शक, संगीत, प्रवेशमूल्य यांचा बारीक मजकूर तर या सगळ्याच्या बाहेर, आपल्या स्वतंत्र टेक्स्ट फ्रेममध्ये ठेवावा. त्याचे कारण लहान करण्याच्या भागात येईल.

आपण कोणत्या पातळीवर आहोत

डब्यात डबा असला की हात कोणत्या डब्याला लागला आहे हे आधी पाहावे लागते. सिलेक्शन टूलने कार्डावर एकदा क्लिक केल्यास सर्वात बाहेरची वस्तू निवडली जाते. डबल क्लिक केल्यास एक पातळी आत जाता येते, आणि एस्केप दाबल्यास एक पातळी बाहेर. ऑब्जेक्ट मेनूतील सिलेक्ट या उपमेनूत कंटेनर आणि कंटेंट या दोन आज्ञाही त्याच कामाच्या आहेत. फोटोच्या मधोमध दिसणारे गोल कडे सीएस-५ या आवृत्तीपासून आले. ते धरल्यास फ्रेम जागेवर राहून आतला फोटो हलतो. घाईत काम करताना चुकून तेच धरले जाऊन चेहरा लंबगोलाबाहेर जाण्याचा प्रकार इतका होतो की पुष्कळ जण व्ह्यू मेनूतून ते बंदच करून ठेवतात.

स्केल करण्यापूर्वी एस्केप दाबत दाबत सर्वात बाहेरच्या पातळीवर यावे आणि पॅनेलमधली रुंदी-उंची वाचावी. ती कार्डाच्या मापाशी जुळली तर आपण योग्य ठिकाणी आहोत. लंबगोलाचे माप दिसले तर अजून आतच आहोत. दोन सेकंदांची ही तपासणी नंतरची बरीच दुरुस्ती वाचवते.

याच वेळी दोन सेटिंग पाहून घ्यावीत. एडिट, प्रेफरन्सेस, जनरल येथे ‘व्हेन स्केलिंग’ या मथळ्याखाली दोन पर्याय आहेत. ‘अप्लाय टू कंटेंट’ निवडल्यास १४ पॉइंटचे अक्षर २०० टक्के केल्यावर खरोखर २८ पॉइंटचे होते आणि फ्रेमचा स्केल पुन्हा १०० टक्के दिसू लागतो. ‘अ‍ॅडजस्ट स्केलिंग पर्सेंटेज’ निवडल्यास मूळ आकडा १४ राहून वाढलेला आकडा कंसात दिसतो. पोस्टरच्या कामाला पहिला पर्याय सोयीचा. पुढच्या माणसाने फाईल उघडली तर त्याला कोड्यात पडावे लागत नाही. दुसरे सेटिंग कंट्रोल पॅनेलच्या मेनूत असते: ‘अ‍ॅडजस्ट स्ट्रोक वेट व्हेन स्केलिंग’. ते चालू असेल तर रेषेची जाडीही वाढते, बंद असेल तर रेषा होती तेवढीच राहते. ते कधी चालू आणि कधी बंद ठेवावे, हे पुढच्या दोन कामांत दिसेल.

नायकाचे कार्ड मोठे करणे

ए-४ चे पान २१०×२९७ मिलिमीटरचे. चारही बाजूंना १० मिलिमीटर सोडल्यास कामाला १९०×२७७ ची जागा उरते. पहिल्या ओळीत प्रत्येकी ६०×८० मिलिमीटरची तीन कार्डे आणि मध्ये ५ मिलिमीटरच्या दोन फटी धरल्यास १८० अधिक १०, म्हणजे नेमके १९० होतात. अशा वेळी नाटक कंपनीकडून निरोप येतो की नायक बाहेरून आणलेला आहे, त्याचे कार्ड मोठे पाहिजे.

मोठे करायचे ते दोन्ही शेजाऱ्यांना लहान करूनच करावे लागते, आणि पोस्टरवर आपला फोटो किती मोठा यावरून कलाकारांत रुसवेफुगवे होतात, म्हणून किती लहान होणार हे कंपनीला आधीच आकड्यात सांगितलेले बरे. नायकाचे कार्ड १२५ टक्के केल्यास ते ७५×१०० होते. १९० मधून ७५ आणि फटींचे १० वजा केल्यास १०५ उरतात, म्हणजे प्रत्येक शेजाऱ्याला साडेबावन्न मिलिमीटर. ६० च्या मानाने हे ८७.५ टक्के झाले, आणि त्यांची उंची ७० होईल.

कृती अशी करावी. नायकाचे कार्ड बाहेरच्या पातळीवर निवडावे. कंट्रोल पॅनेलच्या डाव्या टोकाला नऊ ठिपक्यांचा चौकोन असतो, त्यातला खालच्या ओळीतला मधला ठिपका निवडावा, म्हणजे कार्ड तळाशी स्थिर राहून वर आणि दोन्ही बाजूंना वाढेल आणि तिन्ही कार्डांचे तळ एका रेषेत राहतील. साखळी जोडलेली आहे हे पाहून एक्स स्केलमध्ये १२५ लिहावे आणि एंटर दाबावे. नंतर डाव्या कार्डासाठी खालचा डावा ठिपका निवडून ८७.५, आणि उजव्यासाठी खालचा उजवा ठिपका निवडून ८७.५ लिहावे. बाहेरच्या कडा जागेवर राहतात आणि फटी आपोआप ५ मिलिमीटरच्या उरतात. खालच्या ओळीतली कार्डेही तेवढीच लहान करायची असतील, तर एक कार्ड स्केल करून उरलेली सगळी निवडावीत आणि ऑब्जेक्ट मेनूतील ट्रान्सफॉर्म अगेन यातली ‘ट्रान्सफॉर्म अगेन इंडिव्हिज्युअली’ ही आज्ञा द्यावी. ती प्रत्येक कार्डाला स्वतंत्रपणे लागू होते, त्यामुळे कार्डे एकमेकांकडे सरकत नाहीत.

या कामात स्ट्रोकचे सेटिंग बंद ठेवावे. ते चालू राहिल्यास १ पॉइंटची किनार नायकाच्या कार्डाला १.२५ आणि शेजाऱ्यांना ०.८७५ होते, आणि एकाच ओळीत शेजारी शेजारी असल्यामुळे हा फरक डोळ्याला खुपतो. किनार ऑब्जेक्ट स्टाइलमधून, म्हणजे नाव देऊन जपलेल्या ठरावीक रूपातून, दिलेली असेल तर आणखी चांगले. लंबगोलाची आतली किनार बदललेली आढळल्यास आल्ट दाबून त्या स्टाइलच्या नावावर क्लिक करावे, म्हणजे ती पूर्ववत होते. नावांच्या अक्षरांचे मात्र गणित हाताने सुटसुटीत करावे लागते: १४ पॉइंटचे नाव नायकाकडे १७.५ आणि शेजाऱ्यांकडे १२.२५ होते. नायकाचे १८ आणि बाकीच्यांचे १२ अशा दोन पॅराग्राफ स्टाइल करून लावाव्यात. अपूर्णांकांची अक्षरे फाईलमध्ये ठेवू नयेत.

ए-४ वरून २०×३० वर

ए मालिकेतल्या कागदांचे प्रमाण एकच असल्यामुळे ए-४ चे ए-३ करताना १४१.४ टक्के लिहिले की काम संपते. २०×३० इंचाचा कागद या मालिकेतला नाही. तो ५०८×७६२ मिलिमीटरचा, म्हणजे एकास दीड या प्रमाणाचा, तर ए-४ एकास १.४१४ चा. त्यामुळे आपली चौकट या कागदावर चहूबाजूंनी बरोबर बसणार नाही, हे आधीच मान्य करावे; ती बसवण्यासाठी एक्स आणि वाय वेगळे लिहिण्याचा मार्ग पत्करला की सगळे चेहरे लांबट होतात.

ऑफसेट मशीनला कागद पकडण्यासाठी कडेला कोरी जागा लागते. ती किती, हे ज्या प्रेसमध्ये छपाई आहे तेथेच विचारावे. उदाहरणासाठी सर्व बाजूंनी १२ मिलिमीटर धरू. म्हणजे छापण्याजोगी जागा ४८४×७३८ उरली. रुंदीने हिशोब केल्यास ४८४ भागिले १९०, म्हणजे २५४.७ टक्के, उंचीने केल्यास ७३८ भागिले २७७, म्हणजे २६६.४ टक्के. दोहोंपैकी लहान आकडा घ्यायचा हा नियम कोणत्याही कागदाला लागू आहे. २५४.७ टक्क्यांना आपली २७७ ची उंची सुमारे ७०५.६ होते आणि खाली ३२ मिलिमीटर जागा शिल्लक राहते. ती वाया गेली असे मानू नये. गावाचे नाव, तारीख आणि आयोजक मंडळ यांच्यासाठी एक आडवी पट्टी तेथे चांगली बसते, आणि कंपनीचा प्रयोग दर दिवशी वेगळ्या गावी असतो, तेव्हा ती पट्टी कोरी सोडून पोस्टरे एकदम छापून घेता येतात.

नवीन डॉक्युमेंट ५०८×७६२ चे उघडावे, जुन्यातले सगळे ग्रुप करून कॉपी करावे आणि नव्यात पेस्ट करावे. ठिपक्यांतला वरचा डावा निवडून एक्स आणि वाय या स्थानाच्या रकान्यांत १२-१२ लिहावे, आणि मग एक्स स्केलमध्ये ‘४८४ एमएम’. या वेळी स्ट्रोकचे सेटिंग चालू ठेवावे. २ पॉइंटची चौकट येथे ५ पॉइंटच्या जवळ जाते आणि तशीच जायला हवी, कारण एवढ्या मोठ्या कागदावर २ पॉइंटची रेषा केसासारखी बारीक दिसते. थोडक्यात, वस्तू एकाच पानावर एकमेकींच्या शेजारी राहणार असतील तर सेटिंग बंद, आणि संपूर्ण पानच वाढत असेल तर चालू. अक्षरांवरही येथे नजर फिरवावी: १४ पॉइंटचे नाव ३५.६६ झालेले असेल, ते ३६ करून स्टाइलला जोडावे.

फोटोंची परीक्षा याच टप्प्यावर होते. लिंक्स पॅनेलमध्ये फोटो निवडल्यास ‘अ‍ॅक्च्युअल पीपीआय’ आणि ‘इफेक्टिव्ह पीपीआय’ असे दोन आकडे, म्हणजे दर इंचातले पिक्सेल, दिसतात. छपाईला लागू पडतो तो दुसरा. ए-४ वर ५० मिलिमीटर रुंद बसलेला १२०० पिक्सेलचा फोटो तेथे ६०० च्या वर असतो आणि पोस्टरवर सुमारे २४० राहतो, म्हणजे काळजी नाही. पण पूर्ण रुंदीला लावलेला १६०० पिक्सेलचा समूह-फोटो ए-४ वर २१४ असला तरी पोस्टरवर तो ८४ वर उतरतो आणि चेहरे धुरकट येतात. असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न मागवता डॉक्युमेंट म्हणून मागवावा, म्हणजे मोबाईलने काढलेल्या मूळ मापात तो मिळतो. तरीही न मिळाल्यास तो पूर्ण रुंदीला न लावता अर्ध्या रुंदीला लावावा. फोटो वाढवून देणाऱ्या प्रोग्रामनी चेहऱ्यांचे जे होते ते ओळखीच्या माणसांना पटत नाही, आणि या पोस्टरवरची माणसे गावोगावी ओळखीची असतात.

आणखी एक तपासणी. डायरेक्ट सिलेक्शन टूलने प्रत्येक फोटोवर क्लिक करून एक्स आणि वाय स्केलचे आकडे वाचावेत. दोन्ही सारखे असले पाहिजेत. एक ६१.२ आणि दुसरा ६४.८ दिसला, तर मधल्या कोणत्या तरी वेळी शिफ्ट सुटलेली आहे. दोन्हींत एकच आकडा लिहून लंबगोल फ्रेम निवडावी आणि कंट्रोल-आल्ट-शिफ्ट-सी दाबावे. फोटो प्रमाणात राहून फ्रेम पूर्ण भरतो. चेहरा मग हवा तेथे सरकवून घ्यावा.

हँडबिलासाठी लहान करताना

ए-४ चे ए-५ म्हणजे ७०.७ टक्के. कार्डे आणि शीर्षक या प्रमाणात निमूटपणे लहान होतात. बारीक मजकूर होत नाही. ८ पॉइंटचे अक्षर ५.६६ वर येते आणि देवनागरीत त्या मापाला रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांच्या गाठी शाईने भरून जातात, विशेषतः हलक्या कागदावर. म्हणूनच तो मजकूर ग्रुपच्या बाहेर ठेवायला वर सांगितले. चौकट ७०.७ टक्के करावी, मजकुराच्या फ्रेमला हात न लावता ती नव्या पानावर मोजून बसवावी, अक्षर ८ चे ठेवावे आणि बसत नसेल तर मजकूर कमी करावा. रेषांबाबत एवढेच की पाव पॉइंटपेक्षा बारीक रेषा छपाईत टिकण्याची खात्री नसते.

कोरलड्रॉमध्ये

येथे फ्रेमच्या आतल्या फ्रेमचे काम पॉवरक्लिप करते. पॉवरक्लिप निवडून कोपऱ्याचे हँडल ओढल्यास आतला ऐवज सोबत वाढतो. मात्र ‘लॉक कंटेंट्स’ चालू असल्याची खात्री करावी. किनारीसाठी आउटलाइन पेनच्या खिडकीत ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ ही खूण असते. ती नसेल तर पोस्टर वाढते आणि रेषा तशाच राहतात, आणि इनडिझाइनसारखी ही निवड एकाच ठिकाणी नसून प्रत्येक वस्तूपाशी असते, हे ध्यानात ठेवावे. नावाच्या पट्टीवरची अक्षरे आर्टिस्टिक टेक्स्टमध्ये करावीत. पॅराग्राफ टेक्स्टची चौकट ओढल्यास चौकटच वाढते, अक्षर वाढवायला आल्ट दाबून ओढावे लागते. टक्के लिहायचे रकाने प्रॉपर्टी बारवर आहेत आणि चित्रातले कुलूप लावलेले असले की दोन्ही आकडे एकत्र चालतात.

प्रेसला देण्यापूर्वी

खालच्या पट्टीत प्रीफ्लाइटचा, म्हणजे छपाईपूर्व तपासणीचा, हिरवा ठिपका पाहावा. तो लाल असेल तर बहुधा एखाद्या नावाच्या फ्रेममध्ये मजकूर मावलेला नसतो, अक्षर ३५.६६ चे ३६ केल्यावर हे सहज घडते. जोडाक्षरे तुटलेली दिसत असतील तर दोष स्केलचा नसून कंपोझरचा, म्हणजे अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रणेचा, असतो. इनडिझाइनमध्ये मराठीसह भारतीय भाषांची सोय सीएस-६ पासून, म्हणजे २०१२ पासून, अधिकृतपणे आहे. युनिकोड फाँट वापरताना पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडलेला असावा.

मोठा प्रिंटर जवळ नसला तरी पोस्टरचा नमुना पाहता येतो. प्रिंटच्या खिडकीत सेटअपमध्ये स्केल १०० टक्के ठेवून ‘टाइल’ ही खूण करावी आणि एका कार्डाचा भाग येणारी ए-४ ची पाने छापावीत. ते पान भिंतीला लावून चार पावले मागे जाऊन नाव वाचावे. पडद्यावर झूम करून जे कळत नाही ते येथे कळते. पीडीएफ काढल्यावर ती अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडून डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये पानाचे माप ५०८×७६२ आहे का ते पाहावे, आणि प्लेट काढणाऱ्याला ‘फिट टू पेज’ न करता १०० टक्क्यांवरच घ्यायला लेखी कळवावे.